घटसर्पाची काडी तीच, मग विष एकीतच का?

अमळनेर_लॅब:
नमस्कार मंडळी. डीएमएलटी करून दोन वर्षं झाली, आता बीएस्सी करतेय. घटसर्पाच्या जिवाणूचं विष त्याचं स्वतःचं नसून फेज विषाणूनं (जिवाणूंनाच लागण करणाऱ्या विषाणूनं) आणून दिलेलं असतं, असं वाचलं. जनुकसंचाचा नकाशा उघडला तर विष बनवणारं टॉक्स जनुक फेजच्या अगदी टोकाला दिसतं. मधे कुठे नाही, कडेलाच का? आणि माणसाच्या घशाशी विषाणूचं काय देणंघेणं?

चोपड्याचे_आप्पा:
ताई, तीस वर्षं मायक्रोस्कोपवर काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून पोरगा आला होता. घशात करडा पापुद्रा, स्वॅब लावताच रक्त. अल्बर्टचा रंग दिला. हिरव्या काड्या (म्हणजे काडीच्या आकाराचे जिवाणू), टोकांना निळे-काळे ठिपके, एकमेकींना टेकून व्ही आणि एल झालेल्या. पण काडी विषारी की बिनविषारी, ते रंगात दिसत नाही. त्याला एलेकची चाचणी लागते. अँटिटॉक्सिनमध्ये (विषाच्या उताऱ्यात) भिजवलेली कागदाची पट्टी आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या थरावर, ठेवायची, तिला काटकोनात जिवाणूची रेघ ओढायची. विष असेल तर दोघांच्या मधल्या कोनात बारीक पांढरी रेष उमटते. (डॉक्टर त्या रेषेसाठी थांबत नाहीत, अँटिटॉक्सिन आधीच देतात. तेच बरोबर.)

१९५१ साली सिएटलमध्ये फ्रीमन यांनी बिनविषारी जिवाणूंवर फेज सोडला. जे त्यातून वाचले, ते विष करू लागले.

आता कडेचं. फेज जिवाणूच्या डीएनएत शिरून गप्प बसतो आणि निघताना स्वतःला कापून घेतो. ज्वारी कापताना बांधाला लागून असलेली शेजाऱ्याची चार ताटं कधी आपल्या पेंढीत येतात ना, तसंच. फार पूर्वी कधीतरी अशीच चुकीची कापणी होऊन टॉक्स फेजसोबत आलं असावं, असं मानतात, कारण फेज जिवाणूच्या डीएनएला जिथे जोडला जातो, त्या जागेलाच ते लागून आहे. डीएनएच्या सुमारे ३६ हजार अक्षरांच्या फेजमध्ये ते जेमतेम १,६८३ अक्षरांचं. विषानं जिवाणूचं फावलं, तो पसरला, तर आत बसलेला फेजही पसरतो. त्याचं देणंघेणं एवढंच.

पण मला आजही नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जनुक फेजचं, पण बटण जिवाणूच्या हातात! डीटीएक्सआर नावाचं प्रथिन जिवाणूच्या स्वतःच्या जनुकातून बनतं. लोह भरपूर असलं की ते टॉक्सवर बसून राहतं, लोह कमी पडलं की उठतं आणि विष सुरू होतं. आमची एलेकची एक अख्खी बॅच यातच गेली. माहितीतली विषारी जातसुद्धा रेष देईना. शेवटी कळलं, आगरमध्ये लोह जास्त होतं.

धुळ्याचा_पशुवैद्य:
आप्पा, बराबर शे. फक्त शेतकरी मित्रांसाठी सांगतो, पावसाळ्याआधी आपण गुरांना घटसर्पाची लस टोचतो तो आजार वेगळा, तो पाश्चुरेला मल्टोसिडाचा. नाव तेवढं एक. फेजच्या विषानं गुरं मरतात ती बोटुलिझममध्ये, सी आणि डी प्रकारात. स्फुरद कमी पडलं की जनावर रानातली हाडं चघळतं, त्यातून विष पोटात जातं. तिथला फेज जवळपास १ लाख ८६ हजार अक्षरांचा, आणि तो जिवाणूच्या डीएनएत शिरतच नाही, सुटं कडं होऊन आत राहतो. प्रयोगशाळेत वाढवता वाढवता तो गळून गेला की जिवाणू बिनविषारी.

अमळनेर_लॅब:
मग ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या काही जाती शिगा नावाचं विष करतात, त्याचं बटण कोणाकडे?

चोपड्याचे_आप्पा:
तिथे फेजकडेच. विषाची जनुकं फेजच्या उशिरा चालू होणाऱ्या भागात असतात. काही अँटिबायोटिकांनी जिवाणूच्या डीएनएला धक्का बसला की फेज जागा होतो, जिवाणू फुटतो आणि विष बाहेर पडतं. म्हणून अशा रक्ताच्या हगवणीत डॉक्टर अँटिबायोटिक जपून देतात, आपल्या मनानं गोळी घेऊच नये. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून जी साथ पसरली, तिच्या जिवाणूतही असाच फेज होता.

अमळनेर_लॅब:
नकाशा परत उघडला. डीटीएक्सआर सापडलं, फेजच्या हद्दीबाहेर. उद्या लोहाचं प्रमाण बघूनच आगर घालते.