टॉमकॅटवर डेटासोर्स सापडत नाही, पण एलडॅप लॉगिन चालतंय, मदत हवी आहे

धागाकर्ता: मंडळी, अंधेरीला क्लायंटकडे बसलोय, जेबॉस या सर्व्हरवरचं जुनं जावा वेब ॲप टॉमकॅट ९ या दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचंय. कोडमध्ये डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शनं देणारा ऑब्जेक्ट) नावाने शोधणारा 'जावा:/ऑर्डर्सडीएस' असा लुकअप होता तो 'जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/ऑर्डर्स' केला, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ग्लोबलनेमिंगरिसोर्सेसच्या (सगळ्या सर्व्हरची सामाईक यादी) आत डेटासोर्सचा रिसोर्स टाकला, टॉमकॅट गुपचूप चालू होतो आणि पहिल्याच रिक्वेस्टला नेमनॉटफाउंडएक्सेप्शन, म्हणजे 'नाव सापडलं नाही' अशी एरर, फेकतो. डोकं फिरतंय ते वेगळ्याच गोष्टीने, याच ॲपचं लॉगिन एलडॅपवर (युजरांची यादी ठेवणारी डिरेक्टरी) आहे, ते पण जेएनडीआयनेच (नावाने गोष्टी शोधायची जावाची सोय), आणि ते मस्त चालतंय! मग एकाला नाव सापडतं आणि दुसऱ्याला का नाही? वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ (ॲपला कुठलं नाव लागतं त्याची नोंद) घालू का?

मुलुंडचा जावावाला: रिसोर्स-रेफने काही होणार नाही, टॉमकॅटला त्याची सक्ती नाही. जेएनडीआय म्हणजे नुसता एपीआय रे, मागे नावं सांभाळणारा वेगवेगळा असतो. एलडॅपसाठी तुमचा कोड इनिशियलडिरकॉन्टेक्स्टला फॅक्टरी (नावं कुणाकडे शोधायची ते ठरवणारा क्लास) आणि यूआरएल स्वतः देत असणार, म्हणजे तो थेट एलडॅपच्या ३८९ पोर्टवर जाऊन विचारतो, टॉमकॅटचा काही संबंधच नाही. डेटासोर्सचं नाव मात्र टॉमकॅटच्या नावांच्या झाडात शोधलं जातं आणि तिथे प्रत्येक ॲपचं कॉम्प/एन्व्ह वेगळं. तुझं नाव सोसायटीच्या ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये आहे, बी विंगच्या पाटीवर नाही, म्हणजे ग्लोबलमध्ये आहे, ॲपच्या कॉम्प/एन्व्हमध्ये नाही. ॲपच्या मेटा-आयएनएफमधल्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये रिसोर्सलिंक (ग्लोबल नावाकडे बोट दाखवणारी नोंद) टाक, नेम आणि ग्लोबल दोन्हीत जेडीबीसी/ऑर्डर्स, टाइप जावाएक्स डॉट एसक्यूएल डॉट डेटासोर्स. आणि डेटाबेस ड्रायव्हरचा जार ॲपच्या वॉर फाइलमध्ये नको, टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेव, कनेक्शनांचा पूल टॉमकॅटच बनवतो.

धागाकर्ता: झालं दादा, थँक्यू! पण रात्रीचा बॅच जॉब त्याच क्लासेस वापरतो, फक्त टॉमकॅटबाहेर वेगळ्या मेनमधून चालतो, तिथे नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन ('नावं कुठे शोधायची तेच ठरलेलं नाही') येतंय, रिसोर्सलिंक तिकडे पण कुठे टाकायची असते का?

मुलुंडचा जावावाला: कुठेच नाही, त्या जेव्हीएममध्ये (जावाच्या त्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) टॉमकॅटच नाहीये तर झाड कोण उभं करणार. उगाच फॅक्टरी सेट करत बसू नकोस. लुकअपची ओळ क्लासमधून बाहेर काढ, डेटासोर्स कन्स्ट्रक्टरमधून आत दे, वेबमध्ये लुकअप केलेला आणि बॅचमध्ये प्रॉपर्टीज फाइल वाचून स्वतः बनवलेला.