पाझर तलावात सकर मासा माजलाय, काय टाकू? मदत हवी आहे

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या तलावात सकर झालाय. जाळं ओढलं की निम्मं त्यानेच भरलेलं. काटे असे अडकतात की जाळं कापल्याशिवाय सुटत नाही. रोहू-कटला वजन धरेनात. पाऊस पडला की बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायची आहे, त्याआधी हा मासा मुळासकट संपवायचा आहे. काय टाकायचं आणि किती, एवढंच सांगा. रविवारी मच्छीमार संस्थेची बैठक आहे, लवकर सांगा.

पाणकोंबडी
दादा, तलाव केवढा? उन्हाळ्यात आटतो का? पाणी कुठून येतं? आणि सकरच आहे कशावरून? फोटो टाका. खवल्यांऐवजी अंगावर हाडांच्या चकत्या, पाठीवर शिडासारखा मोठा पर आणि तोंड खालच्या बाजूला असेल तर तोच.

शेततळंवाला
मोहाची पेंड टाका. एक मीटर पाणी असेल तर हेक्टरी अडीच हजार किलो. आम्ही बोटुकली सोडण्याआधी नेहमी टाकतो. नको असलेले मासे मरतात आणि पेंडीचं नंतर खत होतं. पंधरा-वीस दिवसांनी बीज सोडायचं. यात विचार करण्यासारखं काही नाही.

भीमाकाठ
@पाणकोंबडी ताई, सकरच आहे, लहान पोरंसुद्धा ओळखतात. तलाव आटत नाही, तळाला पाणी राहतंच.
@शेततळंवाला भाऊ, पेंड कुठे मिळेल?

काठावरची
थांबा, पेंड आणू नका. त्या पेंडीत सॅपोनिन नावाचं माशांना मारणारं विष असतं, त्याने मरळ, वाम, शिंगटा सगळे जातील. तलावाच्या खाली विहिरी आहेत का? गुरं पाण्यावर येतात का? आधी हे सांगा.

भीमाकाठ
विहिरी आहेत ना, गावच्या नळाला पाणी तिथूनच येतं. पाझर तलाव आहे म्हटल्यावर ते आलंच.

काठावरची
मग विष हा विषयच संपला. पेंड नको, ब्लीचिंग नको, काहीच नको. पिण्याचं पाणी आहे ते!

शेततळंवाला
ताई, पेंडीचा परिणाम पंधरा दिवसांत जातो. सगळीकडे वापरतात.

काठावरची
तुमच्या प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात वापरा, तिथे पाणी कोंडलेलं असतं आणि मासे तुम्हीच सोडलेले असतात. गावाच्या तलावात नाही. शिवाय तुम्ही मरळ मारलीत की सकरची पिल्लं खाणारं कोण उरलं? मोठ्या सकरला इथे फारसा शत्रूच नाही. एखादा कोपऱ्यात वाचला तर रिकाम्या तलावात त्याचंच राज्य.

जुनाकोळी
माझा अनुभव सांगतो. उजनीचं धरण १९८० ला झालं तेव्हा आम्ही लहान होतो. वाहती नदी थांबली, मग पुण्याकडचं सांडपाणी वाढलं, पाणी हिरवं झालं. वाम, मरळ कमी होत गेली आणि चिलापी (तिलापिया) वाढली. आता सकर. आमची माणसं म्हणतात सकरने मासे संपवले. मी म्हणतो मासे आधीच संपत आले होते, सकरला मोकळी जागा मिळाली.

पाणकोंबडी
अगदी बरोबर, काका. हा मूळ दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून विकतात, मोठा झाला की लोक नदीत सोडतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून श्वास घेतो. रोहू-कटल्याला ते जमत नाही, म्हणून घाण पाण्यात तेच आधी गुदमरतात. सकर तळ खरवडून शेवाळ, कुजका गाळ आणि त्यातली इतरांची अंडीही गिळतो.

शांतीनगर
आमच्याकडे आरोग्य खात्याने डासांसाठी विहिरीत गप्पी सोडले होते. तेही बाहेरचेच की. आणि थाई मांगूर? सरकारने २००० साली बंदी घातली तरी बाजारात मिळतोच. यावर कोणी बोलत नाही.

पाणकोंबडी
मांगूरचा वेगळा धागा काढा, त्यावर बोलायला खूप आहे. इथे दादांचा रविवार जवळ आला आहे.

खवय्या७१
सकर खाता येतो का? चिलापीसारखा लागतो म्हणतात.

काठावरची
दक्षिण अमेरिकेत खातात. पण गाळ खाणारा मासा आहे, सांडपाण्याच्या पाण्यातला मी घरच्यांना देणार नाही.
@भीमाकाठ, पाणी कुठून येतं हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

भीमाकाठ
ओढ्याचं येतं. आणि उपसा सिंचनाचं आवर्तन सुटलं की पाइपने उजनीचं.

काठावरची
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग तलाव कोरडा केलात तरी पुढच्या आवर्तनाला पिल्लं पुन्हा येणार. मुळासकट संपणार नाही, हे बैठकीत स्पष्ट सांगा. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं मोठं धरण आहे, चिलापीच्या मासेमारीवर तिथली गावं जगायची. सकर शिरला आणि जाळ्यात निम्म्याहून जास्त तोच यायला लागला. तिथेही तो गेलेला नाही. संख्या दाबून ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

भीमाकाठ
दाबायची कशी? आणि बीज सोडायचं की नाही?

जुनाकोळी
आत्ता पाणी उतरलंय, हीच वेळ. काठाला भोकं दिसतील. तो काठात बिळं करून आत अंडी घालतो आणि नर राखण करतो. हातभर, कधी त्याहून खोल. नर धरा, अंडी बाहेर काढा. जाळ्यात आलेला सकर पाण्यात परत टाकू नका, काठावरही टाकू नका. पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो आणि वळवळत परत जातो. खड्डा करून पुरा. मरळ मात्र दोन-तीन वर्षं धरू नका.

पाणकोंबडी
पाइपच्या तोंडाला बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळीची पेटी लावा, रोज साफ करायची. सांडव्यालाही जाळी, म्हणजे तुमचा सकर ओढ्याने खाली जाणार नाही. बीज बोटभर लांबीचं नको, मोठं झालेलं सोडा. आणि प्रत्येक पिशवी परातीत ओतून बघून घ्या, त्यात सकरचं पिल्लू आलं तर ओळखता येतं.

जलपर्णीमुक्त
जलपर्णीवर निओकेटिना नावाचे भुंगे सोडतात, ते तिची पानं खातात. आमच्याकडे उपयोग झाला.

भीमाकाठ
आमच्याकडे जलपर्णी नाही, भाऊ.
भोकं आहेत. बांधाच्या आतल्या अंगाला ओळीने दिसताहेत. आम्हाला वाटलं खेकड्यांची.

काठावरची
मातीचा बांध आहे ना? मग सकरच्या बिळांनी तो पोखरला जातोय, माशांचं नंतर बघू. बैठकीत हा मुद्दा पहिला घ्या आणि बांध ज्या खात्याकडे आहे त्यांना आजच लेखी कळवा. पावसात पाणी चढल्यावर ती बिळं दिसणार नाहीत. बिळं रिकामी करा, पण बुजवणं त्यांच्या माणसासमोर, मुरूम ठोकून. नुसती वरून माती लोटू नका.

भीमाकाठ
उद्या सकाळी फोटो टाकतो.

जुनाकोळी
फोटोत बिळाशेजारी काठी धरा, किती रुंद आहे ते कळेल. आणि काठी आत किती गेली तेही लिहा.