मारुती ८००चं इंजिन खोलतोय : मॅनिफोल्डचे नट आणि पिस्टन जाम

सहकारनगरकर
नमस्कार मंडळी. बाबांची १९८९ची मारुती ८०० बरीच वर्षं सोसायटीच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन उतरवून घरीच खोलायला घेतलंय. कार्ब्युरेटर, अल्टरनेटर निघाले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) नट मात्र हलत नाहीत, आणि क्रँक पुलीला पाना लावला तरी इंजिन फिरत नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, छिन्नीने नट फोडा. गाडी विकायची नाही, चालवायची आहे.

चिंचवडचा
प्लग काढून तिन्ही सिलिंडरमध्ये डिझेल ओता आणि आठवडाभर विसरून जा.

भोसरी_फिटर
डिझेल चालेल, पण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) जास्त चांगलं झिरपतं. नानापेठेत कुठल्याही स्पेअरवाल्याकडे मिळेल.

दादा, छिन्नी अजिबात नको. हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आणि स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) लोखंडी आहे. छिन्नीचा दणका थेट हेडमधल्या आट्यांवर बसतो. आधी तारेच्या ब्रशने स्टडचे उघडे आटे साफ करा. एटीएफ आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब सोडा, नटावर हलक्या हातोडीने टिचक्या मारा. सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनी कडा खातो. पहिला झटका आवळायच्या दिशेने, अगदी केसभर. कर्र झालं की उलटं फिरवा, पुन्हा थोडं आवळा, तेल सोडा. सलग ओढलंत तर गंजाची भुकटी आट्यांत अडकून नट पुन्हा धरतो. आणि नट न सुटता पाना मऊ लागायला लागला तर तिथेच हात थांबवा, स्टड पिळवटतोय.

तरीही नाही सुटला तर गॅस टॉर्च. ॲसिटोन पूर्ण उडालेलं हवं, पेट्रोल आसपास नको. ज्योत फक्त नटावर, लालसर होईपर्यंत. हेडवर धरू नका; ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडासारखं लाल होऊन आधी इशारा देत नाही. लाली गेली की गरम नटाला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, ते डोळ्यांना दिसतं. मग पाना लावा.

क्रँकवर लांब पाइप घालून जोर करू नका. आधी हेड उतरवा. बोल्ट कडेकडून मधल्याकडे, प्रत्येक थोडा थोडा सैल करायचा, नाहीतर हेड वाकतं. चिकटून बसलं तर बाजूने लाकडी हातोडी मारा; फटीत स्क्रूड्रायव्हर घातलात तर गॅस्केटची जागा कायमची खराब होते. हेड निघालं की गंजाचं कडं कुठल्या सिलिंडरमध्ये आहे ते दिसेल. ते बारीक एमरीने साफ करा, एटीएफ सोडा, पिस्टनवर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. सुटायला लागला की क्रँक इंच-इंच मागे-पुढे करा.

सहकारनगरकर
काका, खूप आभार. स्टड तुटलाच तर?

भोसरी_फिटर
तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच बरेचदा निम्मं काम होतं. हेडच्या पातळीत तुटला तर हँड ड्रिल लावू नका. ड्रिल घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये जातं. हेड चांगल्या लेथवाल्याकडे न्या.

पिस्टन सुटल्यावर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचे) फोटो टाका. होनिंगवर (बोअर आतून घासून घेण्यावर) भागेल की ओव्हरसाइज (थोडे मोठे) पिस्टन लागतील, ते बघून सांगतो.