मदत हवी आहे : टाकीतला ईल काही खात नाही, लवकर सांगा

वैनगंगाकाठ :
नागपूरहून ईल आणला. दुकानदार म्हणे काहीही खातो. इथं तोंडच लावत नाही. दिवसभर पाइपात पडून तोंड उघडतो-मिटतो. दम लागला का त्याला? वडशात मिळेल असं औषध सांगा.

झाडीचा_गडी :
कोणता ईल? पाणी कोणतं? फोटो टाका ना जी.

ढिवरटोली :
वाम असन. गांडुळं टाका. आमच्या बोडीतल्या वामी गांडुळावर तुटून पडतात.

वैनगंगाकाठ :
वाम ओळखतो मी. तिच्या पाठीवर काटे असतात, याला नाहीत. बाजूचे पंखही नाहीत. राखट रंग, बारीक पिवळे ठिपके. पाणी बोरचं, दुसरं कोणतं राहणार इथं?

खाडीवाला :
हा मोरे ईल, बहुतेक जिम्नोथोरॅक्स टाइल. हॅमिल्टननं 1822 मध्ये गंगेच्या माशांसोबत याचं वर्णन केलं, अन् दुकानदार आजही 'गोड्या पाण्यातला मोरे' म्हणून विकतात. राहतो तो नदीच्या मुखाशी, खाडीच्या चिखलात, खारफुटीत. बोरच्या पाण्यात काही दिवस तगतो, मग खंगत जातो. तोंडाची उघडझाप म्हणजे श्वास, सगळे मोरे तेच करतात. औषध अजिबात नको. अंगावर खवले नाहीत, तांब्याची औषधं त्याला सोसत नाहीत. मत्स्यालयाचं समुद्री मीठ घ्या, हळूहळू वाढवत घनता 1.010 च्या आसपास आणा.

तुमसरकर :
एवढी भानगड काऊन? खडं मीठ टाका. माझ्या गप्पींना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता, तो त्यानंच गेला.

खाडीवाला :
ठिपक्यांचा प्रश्न कोणी विचारला? नुसत्या मिठानं खाडीचं पाणी होत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमही लागतं.

ढिवरटोली :
त्यापेक्षा वैनगंगेत सोडून द्या.

झाडीचा_गडी :
बाहेरचा मासा नदीत सोडू नका बाप्पा! अन् तिथं तरी खारं पाणी कुठं हाय? मरन तो.

साकोलीची_सून :
वामीचा विषय निघालाच तर, रस्स्यात आंबाडी टाकता की चिंच?

ढिवरटोली :
आंबाडी. चिंचेनं चव मरते.

वैनगंगाकाठ :
रस्सा राहू द्या! मीठ नागपुरात कुठं मिळते? अन् टाकीत गप्पीही आहेत, त्यांना चालेल का? तशाही त्या रोज कमीच होत चालल्या.

खाडीवाला :
मग उपाशी कुठला तो! नजर कमजोर, पण रात्री वासावर शिकार करतो. झाकण घट्ट लावा, बोटभर फटीतूनही निसटतो.

तुमसरकर :
गप्पी मीठ सोसते. मी काय सांगत होतो?

वैनगंगाकाठ :
दुकान सांगा दुकान.