वडणग्याच्या शेतात आरसी विमानांसाठी हरळीची धावपट्टी

*बी-२०४:* नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ वडणग्याला आमचं २० गुंठे रान पड आहे. सोसायटीतल्या पोरांना आरसी (रिमोटवर उडणारी) विमानं उडवायला तिथं गवताची धावपट्टी करावी म्हणतोय. जागा पुरेल का?

*ए-३०२:* पुरेल काका. दीड मीटर पंखांच्या ट्रेनरला (शिकाऊंच्या विमानाला) ६० मीटर लांब, ६ मीटर रुंद पट्टी बास. म्हणजे साडेतीन गुंठेच. रान कसं आहे आणि शेजारी काय पीक आहे ते सांगा.

*बी-२०४:* पूर्व-पश्चिम ११० मीटर, रुंदी १८. पश्चिमेला ऊस, पूर्वेला सोयाबीन.

*ए-३०२:* पूर्व-पश्चिमच हवी, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. पण ऊस बघून पट्टी सरकवा. दिवाळीपर्यंत ऊस साडेतीन मीटर होतो. ट्रेनर साधारण दहाला एक उतारानं खाली येतो, म्हणजे उसावरून आलेलं विमान बांधापासून ३५ मीटर पुढं टेकणार. पट्टी मधोमध आखली तर तिकडून उतरताना सुरुवातीचे १० मीटर फुकट जातात. उसाकडं ३५, सोयाबीनकडं १५ मीटर सोडा. ६० मीटर पूर्ण वापरता येतील.

*ए-३०२:* रुंदीत उत्तरेला ४ मीटर, मग पट्टी, दक्षिणेला ८ मीटर. उडवणारे दक्षिणेला, काठापासून ५-६ मीटरवर, पुढं जाळी लावून. तोंड उत्तरेला राहतं, संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येत नाही.

*सी-१०१:* माती काळी असेल तर खरं काम तिथंच आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, चाक अडकतं. पावसात चिखल चाकाला चिकटतो. नुसती हरळी लावून भागणार नाही.

*बी-२०४:* काळीच आहे वहिनी. मग मुरूम टाकू?

*सी-१०१:* हो, पण वरचा थर म्हणून नको, मातीत मिसळून. एप्रिलअखेर नांगरट, ढेकळं फोडून लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. ५ सेंमी जाडीला १८ घनमीटर, म्हणजे साडेसहा ब्रासच्या आत मुरूम लागतो. दाबल्यावर बसतो, म्हणून ८ ब्रास मागवा. चाळलेला घ्या, मोठा खडा उडून प्रॉपेलर तुटतो. रोटाव्हेटरनं वरच्या १० सेंमीत मिसळा आणि वळवाच्या एक-दोन सरी खाऊ द्या. खड्डे कुठं पडतात ते तेव्हाच दिसतं.

*ए-३०२:* मग लेव्हल. मध्यरेषा काठापेक्षा ५ सेंमी उंच, म्हणजे पाणी दोन्हीकडं ओघळेल. दर ५ मीटरला खुंटी, सुतळी आणि पाण्याची नळी. लांबीच्या दिशेनं गवंड्याची ३ मीटरची अ‍ॅल्युमिनियम पट्टी ठेवून बघा, खाली दीड सेंमीपेक्षा जास्त फट नको. त्याहून जास्त असली की विमान उसळतं आणि प्रॉपेलर जमिनीला घासतो. चर पट्टीपासून २ मीटर लांब, उथळ आणि पसरट. खोल चरात विमान गेलं की लँडिंग गिअरच उपटतो.

*सी-१०१:* हरळी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. दोन-तीन पेरांचे तुकडे, दोन्हीकडं १५ सेंमी अंतर. सुमारे १६,००० लागतील. ३० सेंमीवर ४,००० मध्ये होतं, पण झाकायला वेळ लागतो आणि मधे गाजरगवत घुसतं. ओळी लांबीच्या दिशेनं लावा. उताराला आडव्या पडतात, जुलैच्या पावसात माती धरून ठेवतात.

*डी-४०३:* काका, सोयाबीनवाले भांडतील हां. हरळी बांध ओलांडून रानात शिरली तर निघता निघत नाही.

*सी-१०१:* बरोबर बोललात. म्हणून बांधालगत चारी बाजूंनी दीड फुटाचा पट्टा मोकळा ठेवायचा आणि दर पंधरवड्याला खुरपायचा. हे आधीच शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

*बी-२०४:* आणि कापणी?

*सी-१०१:* पहिली सहा आठवड्यांनी, ५ सेंमीवर. पुढं हळूहळू २ ते अडीच सेंमी. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका, पिवळी पडते. रूळ फिरवताना अंगठा दाबला तर माती दबावी, पण चिकटू नये. ओल्या काळ्या मातीवर फिरवला तर ती घट्ट होऊन वर पाणी साचतं. ऑक्टोबरात वाळू आणि चाळलेलं कुजलं शेणखत ५ मिमी पसरा, ६४ घनफूट पुरेल.

*ए-३०२:* विमानाला ७५ मिमीची चाकं लावा, बारीक चाक गवतात रुततं. शेपटीला चाक असलेल्याला जमिनीवर चालवताना एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर धरा, नाहीतर नाकावर पालथं.

*ई-५०२:* विमानतळाचं काय?

*ए-३०२:* उजळाईवाडीच्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीत जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किमीत २०० फुटांच्या वर. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटवरच्या नकाशावर तुमच्या गटाची जागा टाकून बघा काका, मुरूम सांगायच्या आधी.

*बी-२०४:* आज रात्रीच बघतो. रविवारी सकाळी कोण येतंय आखायला?

*ए-३०२:* मी खुंट्या आणि नळी आणतो.

*सी-१०१:* आम्ही दोघं येतो. कुदळ तुमची घ्या, चार ठिकाणी फूटभर खणून माती बघू.