मौलूद: बिदत की मोहब्बत?

प्रश्न: आम्ही रत्नागिरीकडचे. १२ रबीउलअव्वलला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवशी, नानी घरात मौलूद (त्यांच्या जन्माची मजलिस) ठेवायची, अगरबत्ती, गुलाबपाणी, शेजारच्या बायका आणि शेवटी वाटीवाटीने शिरा. यंदा धाकटा भाऊ म्हणाला हे सगळं बिदत (धर्मात नंतर घातलेली नवी गोष्ट) आहे आणि वाटी बाजूला सरकवली. नानी रडली हो. कोण बरोबर?

उत्तर: भाऊ चुकीचं नाही बोलला. पैगंबरांनी, सहाबांनी (त्यांच्या साथीदारांनी) असा दिवस साजरा केला नाही. फातिमी खलिफांच्या काळात इजिप्तमध्ये होता, मग १३व्या शतकाच्या सुरुवातीला इराकातल्या इरबिलला थाटात होऊ लागला. 'प्रत्येक बिदत गुमराही (वाट चुकणं)' ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे, दीनमध्ये (धर्मात) भर घालायची नाही एवढंच.

उत्तर: अहो पण सोमवारच्या रोज्याबद्दल (उपासाबद्दल) विचारलं तेव्हा हुजूर म्हणाले त्या दिवशी माझा जन्म झाला, तीही सहीह मुस्लिमचीच ना? दुसरे खलिफा हजरत उमरनी तरावीहची (रमजानच्या रात्रीच्या नमाजची) जमात बघून 'चांगली बिदत' म्हटलं. आणि जुने आलिम इमाम सुयूती शाफई मसलकचे (पंथाचे)च, आपल्या कोकणातल्यांसारखे, त्यांनी मौलूद चांगल्या बिदतीत धरलंय.

उत्तर: मी जुलूसवाला, म्हणजे त्या दिवशीच्या मिरवणुकीत जाणारा, तरी डीजे मला अजिबात पटत नाही, त्यात दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ) ऐकूच येत नाही. २०२३ला अनंत चतुर्दशी मौलूदच्याच दिवशी आली म्हणून मुंबईचा जुलूस २९ सप्टेंबरला नेला, ते मात्र फार आवडलं. भावाला म्हणावं मौलूदला नको बसू, पण नानीच्या हातचा शिरा खा, वडीलधाऱ्यांचं मन राखणं तरी कुठल्याच मसलकमध्ये बिदत नाही.

प्रश्नकर्ता: हेच वाचून दाखवतो त्याला आज रात्री.