मदत हवी आहे: बाबांचे पाय बधिर झालेत, पण एमसीआरची (मऊ रबराच्या तळाची) चप्पल घालायला ते तयार नाहीत

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. बाबांचं वय ६७, शुगर १४ वर्षांपासून. गोळ्या घेतात, पण लग्नकार्यात पथ्य मोडतं आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) सुटत नाही. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ आलं.

मार्चमध्ये पऱ्हाटी काढून झाली होती. बाबा वावरात चक्कर मारून आले, पाय धुतले, जेवायला बसले. उठून गेल्यावर आईला ओसरीपासून मोरीपर्यंत रक्ताचे ठिपके दिसले. धसकट रबरी चपलेतून आरपार तळव्यात घुसलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. शेजारच्या काकांनी काटा मोडल्यावर करतात तसा गरम बिब्बा लावला. बाबांनी हूं की चूं केलं नाही. आम्हाला वाटलं, काय सहनशक्ती आहे! दुसऱ्या दिवशी तिथं फोड आला, आठवड्यात पू झाला.

जवळच्या एका दवाखान्यात १५ दिवस नुसतं ड्रेसिंग झालं. पायावर भार देऊ नका, हे कोणी सांगितलं नाही. दुखत नव्हतं, म्हणून बाबा पट्टी बांधून वावरात जात राहिले. शेवटी वर्ध्याला नेलं. तिथं मेलेली कातडी काढली, पाय टेकवायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. जखम भरायला ११ आठवडे लागले. नायलॉनचा बारीक दोरा टेकवून तपासणी केली, तर दोन्ही तळव्यांना बहुतेक ठिकाणी काही कळत नाही. रक्तपुरवठा ठीक आहे म्हणाले.

आता अडचण चपलेची. डॉक्टरांनी एमसीआरची चप्पल लिहून दिली, घरातही घालायची म्हणून. मी आणली. बाबांनी हातात घेतली, उलटून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही महारोग्याची चप्पल हाय. मी का महारोगी आहो? गावातले लोकं काय म्हणतीन?" त्यांच्या लहानपणी गावावरून जाणाऱ्या कुष्ठरोग्यांच्या पायात अशाच चपला त्यांनी पाहिल्या होत्या. दीड महिना झाला, चप्पल खुंटीवर आहे. आईचंही म्हणणं, घरात देवाधर्माच्या जागी चप्पल घालून कसं फिरायचं? जास्त बोललं की, "दुखतच नाही तर काहून मागं लागता?"

त्यात पाऊस सुरू झालाय, डवरणीला चिखलात उतरतात. माघात प्रकटदिनाला शेगावला पायी जायचा त्यांचा नेम आहे, त्याचीही आत्तापासून धास्ती वाटते. कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा, तुम्ही कसं समजावलं?

प्रतिसाद, उपकेंद्रवाली

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमच्या बाबांनी चप्पल बरोबर ओळखली. कुष्ठरोगातही पायाच्या नसा मरतात आणि वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरनंही मरतात. कारण वेगळं, पण पायाची गत एकच: काटा, चटका, चपलेतला खडा, काहीच कळत नाही. आपल्याकडे दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था आहेत. बधिर पाय कसा जपायचा, हे डॉक्टर लोक कुष्ठरुग्णांच्या पायांवरूनच शिकले. त्या माणसांचे उपकार आहेत आपल्यावर. बाबांना हेही सांगून पाहा.

गुण त्या मऊ रबराच्या तळात असतो, चपलेच्या रूपात नाही. वरचा भाग कसाही चालतो. चांगल्या मोच्याकडून मागे पट्टा असलेल्या साध्या काळ्या सँडलमध्ये एमसीआरचा तळ बसवून घ्या, खालून टणक सोल हवा म्हणजे धसकट आत येणार नाही. खिळे ठोकायचे नाहीत, चिकटवायचं. अंगठ्याची चप्पल नको, बोटांच्या बेचक्यात घासते आणि निसटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं. घरासाठी वेगळा जोड ठेवा, जो उंबऱ्याबाहेर जाणारच नाही. आमच्याकडच्या बऱ्याच आजीबाईंना हे पटतं.

हे तातडीचं का, ते सांगते. एकदा भरलेली जखम असलेल्या १० जणांपैकी साधारण ४ जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते. म्हणून रोज संध्याकाळी कोणीतरी त्यांचे तळवे, टाचा आणि बोटांमधल्या फटी पाहायच्या. पावसात तर फटी आधी, चिखल्यांतून जंतू आत शिरतात. धुतल्यावर फटी कोरड्या करा. टाचेच्या भेगांना खोबरेल तेल चालेल, फटींत नको. गमबूट घालायचेच तर सैल, आत सुती मोजे, घालण्याआधी आत हात फिरवून, आणि मधेमधे काढून पाय कोरडे करायचे. तळव्याला कुरूप झालं तर ब्लेडनं कापू नका, कॉर्नकॅपही (कुरुपावरची औषधी पट्टी) लावू नका. रात्री उंदरानं बोट कुरतडलं तरी सकाळपर्यंत न कळलेले पेशंट मी पाहिलेत, तेव्हा झोपायची जागाही बघा.

एक पाय अचानक गरम, लाल, सुजलेला दिसला तर दुखत नसलं तरी चालणं बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतली हाडं ढासळत असू शकतात. शेगावला या वर्षी गाडीनं जाऊ द्या.

आणि आज रात्री एक करा. बाबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तुमच्या बोटानं एकेक-दोनदोन सेकंद हलकेच स्पर्श करा, दाबू नका. कळलं की त्यांनी सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना गेली. तुम्हाला हे माहीतच आहे, पण त्यांनी स्वतः अनुभवलेलं नाही.

प्रतिसाद, धुऱ्यावरची बाभूळ

माझ्या वडिलांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. सुरुवात पाय शेकण्यापासून झाली. थंडीत बादलीत कढत पाणी, त्यांना ते कोमटच वाटलं. पाणी नेहमी दुसऱ्याच्या कोपरानं पाहा. खर्ऱ्याचंही मनावर घ्या दादा, तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. रक्तपुरवठा ठीक आहे तोवरच सोडवा, आम्हाला उशीर झाला. बिब्बा लावणाऱ्या काकांवर राग धरू नका, आमच्याही घरी हेच करायचे.

धागाकर्ता

दोघींचे मनापासून आभार. काल जेवणं झाल्यावर बाबांना खाटेवर बसवलं, डोळे मिटायला लावले. सहाही बोटांना हात लावून झाला. बाबा गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "कर न बाप्पा सुरू, कवाचा डोये झाकून बसलो."

आईनं पदर तोंडाला लावला. मी सांगितलं, झालं करून. त्यांनी डोळे उघडले, पाय मांडीवर ओढून घेतला आणि बराच वेळ स्वतःच अंगठा चिमटीत धरून बघत राहिले. चपलेचं मी काढलं नाही. आज सकाळी त्यांनीच विचारलं, काळ्या पट्ट्याची भेटते का म्हणून.

मोच्याकडे कागदावर पायाचं माप काढून नेलं तर चालेल का, की त्यांना न्यावंच लागेल?

प्रतिसाद, उपकेंद्रवाली

न्याच. तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि उभं करून माप घ्या. पहिल्या दिवशी अर्धा तासच घालू द्या, काढल्यावर कुठं लाल झालंय का ते पाहा.